शारदा सदनातलं उघडं दार

पुण्याच्या शारदा सदनात पंडिता रमाबाईंची स्वतःची एक खोली होती. मुलगी मनोरमा हिला जवळ घेऊन त्या तिथे रोज बायबल वाचत, प्रार्थना करत. त्या वेळी खोलीचं दार त्या लावून घेत नसत. सदनातल्या मुलींना आत येण्याची सक्ती नव्हती, तशी मनाईही नव्हती. हळूहळू काही मुली येऊन बसू लागल्या.

घडलं ते एवढंच. पण या न लावलेल्या दारावरून १८९३ साली पुण्यातल्या सुधारकांमध्ये उभी फूट पडली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सदनाशी असलेला संबंध तोडला. वीसहून अधिक मुलींना पालकांनी घरी नेलं. त्यातल्या कितीतरी बालविधवा होत्या आणि घरी त्यांच्या वाट्याला काय येणार होतं ते नेणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

या प्रकरणाकडे आजवर बहुतेकदा दोनच बाजूंनी पाहिलं गेलं. एका बाजूला रमाबाई म्हणजे शाळेच्या आडून धर्मांतर करणारी बाई, दुसऱ्या बाजूला पुणेकर म्हणजे सोवळ्यातून बाहेर न पडलेले सनातनी. दोन्ही चित्रं अपुरी आहेत. दारावरून भांडण झालं ते आपापल्या श्रद्धेशी प्रामाणिक असलेल्या आणि एकमेकांबद्दल खरा आदर असलेल्या माणसांचं. म्हणूनच ते पुन्हा वाचायला हवं. ज्याला कशाचंच सोयरसुतक नाही त्याला सहिष्णू होणं फारसं अवघड नसतं. जिवापाड जपलेली श्रद्धा असताना शेजाऱ्याची तितकीच पक्की श्रद्धा आपल्या उंबऱ्याशी येते, तेव्हा आपली सहनशीलता कुठवर पोचते ते कळतं.

रमाबाईंना हा अनुभव जन्मापासूनचा होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे निष्ठावंत वैष्णव आणि गाढे पंडित. त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतलं आणि त्यापायी घरच्यांचा आणि ज्ञातीचा रोष ओढवून घेतला. शेवटी पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात त्यांनी बिऱ्हाड केलं. तिथे १८५८ साली रमाबाई जन्मल्या. शास्त्र मानणाऱ्या माणसानेच शास्त्राच्या नावाने चालणारी रूढी मोडली होती. पुढे तीर्थयात्रा, पुराणं सांगत केलेली भटकंती, १८७० च्या दशकातला दुष्काळ आणि त्यात आईवडिलांचा मृत्यू. उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

भावाच्या निधनानंतर १८८० मध्ये तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. प्रांत वेगळा, जात वेगळी. मेधावी ब्राह्मो विचारांचे, म्हणजे त्या काळच्या मानाने अतिशय उदार. पण घरी येणाऱ्या एका मिशनऱ्याकडून बायको ख्रिस्ती धर्म समजून घेते आहे हे कळल्यावर त्यांनाही ते रुचलं नाही. रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात ही आठवण नोंदवली आहे. जात मोडून लग्न करणाऱ्या माणसाच्या उदारपणालाही कुठेतरी कुंपण होतंच. १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने मेधावी गेले आणि तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई महाराष्ट्रात आल्या.

पुण्याने त्यांना डोक्यावर घेतलं. आर्य महिला समाज उभा राहिला. न्या. रानड्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांच्याबरोबर त्या इंग्रजी शिकू लागल्या, सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांनी स्त्रीशिक्षणाबद्दल साक्ष दिली. घरोघरच्या वडीलधाऱ्या बायका नाकं मुरडत होत्या, तरी संस्कृत मुखोद्गत असलेली ही बाई सुधारकांना आपली वाटत होती.

वैद्यकीचं शिक्षण घ्यायचं म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात राहत असताना त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पतित म्हणून समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची या मठातल्या भगिनी करत असलेली सेवा त्यांनी पाहिली होती. अशा बायकांना जवळ करणारा धर्म त्यांना आपला वाटला.

पुण्यात मोठा गहजब झाला. जवळच्या माणसांना तो विश्वासघात वाटला. त्या वेळी रमाबाईंची बाजू जाहीरपणे घेतली ती जोतीराव फुल्यांनी. १८८५ मध्ये काढलेल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेत त्यांनी या धर्मांतराचा प्रश्न घेतला आणि शिकल्यासवरल्यावर एखादी बाई आपल्या विचाराने धर्म बदलत असेल तर दोष कुणाकडे जातो, हे विचारायला ते कचरले नाहीत.

इकडे पुणं रमाबाईंना फार ख्रिस्ती ठरवत असताना तिकडे इंग्लंडातल्या चर्चला त्या पुरेशा ख्रिस्ती वाटत नव्हत्या. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार आहे. त्यात एक स्वतंत्र बुद्धीची बाई आणि तिच्यावर मनापासून माया करणारी पण आज्ञापालनाची अपेक्षा ठेवणारी जोगीण यांची झटापट पानोपानी दिसते. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं असण्याला त्यांनी हरकत घेतली, कारण आपल्या देशातल्या बायकांना ती परकी. अक्षरं हवीत तर संस्कृत असावीत. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकच असल्याचा, सिद्धांत त्या वेळी त्यांच्या बुद्धीला पटला नव्हता आणि तो केवळ पाद्री सांगतात म्हणून मानायला त्या तयार नव्हत्या. त्या चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी विरोध केला आणि रमाबाईंनी त्याचाही जाब विचारला. भटभिक्षुकांचा अधिकार झुगारून आलेल्या बाईने नव्या भिक्षुकांपुढे मान तुकवायला नकार दिला.

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत अडीच वर्षांहून अधिक काळ राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव व्याख्यानं दिली. १८८७ च्या अखेरीस बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झालं. विधवांच्या शाळेचा दहा वर्षांचा खर्च त्याने उचलला. त्यात वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांचे लोक होते आणि शाळा कुठल्याही पंथाची नसेल, तिथे धर्म शिकवला जाणार नाही, ही अट सर्वांनी मान्य केली होती.

त्या अटीवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. उद्घाटनाच्या समारंभाचं अध्यक्षपद काशीबाई कानिटकरांकडे होतं. सुरुवातीच्या दोन विद्यार्थिनींपैकी एक होती देवरुखची गोदूबाई जोशी. लहानपणी लग्न झालं आणि काही महिन्यांतच नवरा गेला, नंतर केशवपन. भाऊ नरहरपंतांनी तिला सदनात आणून घातलं. सदनात स्वयंपाकाला ब्राह्मण, सोवळंओवळं पाळायची सोय, पूजाअर्चेला आणि उपासतापासाला मोकळीक. ख्रिस्ती झालेली संचालिका हिंदू मुलींचा आचार डोळ्यांत तेल घालून सांभाळत होती. रानडे, भांडारकर, तेलंग यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळात होती आणि त्यांच्या शब्दावर विसंबून पालक मुली पाठवत होते.

हा करार मनापासून झालेला होता. कुणी कुणाला फसवलं नव्हतं.

वर्ष संपायच्या आत कुरबुर सुरू झाली. सदनातल्या काही विधवा ख्रिस्ती धर्माकडे वळू लागल्याचा मजकूर अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात आला आणि टिळकांच्या ‘केसरी’ने तो विषय लावून धरला. टिळकांचं म्हणणं सडेतोड होतं. स्त्रीशिक्षणाच्या नावाखाली धर्मप्रसार होणार असेल तर तसं उघड सांगा, मग ज्याला मुलगी पाठवायची तो पाठवील. या म्हणण्याच्या मागे स्त्रीशिक्षणाबद्दलची टिळकांची स्वतःची संकुचित मतं होती हे खरंच. तरी सदनाने दिलेल्या शब्दाबद्दलचा प्रश्न त्यामुळे खोटा ठरत नाही.

१८९० च्या नोव्हेंबरात सदन पुण्याला हललं. ते पुणं कसं होतं हे पाहिल्याशिवाय पुढचं नीट उमगत नाही. महिनाभर आधी, ऑक्टोबरात, आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने पंचहौद मिशनमध्ये एक समारंभ झाला. शहरातली चाळीसच्या वर प्रतिष्ठित मंडळी आली होती, त्यांत रानडे होते आणि टिळकही. मिशनच्या लोकांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी चहा घेतला, कुणी नुसता कपाला हात लावला. पुढे ती नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला मंडळ बसलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. त्यांना स्वतःसाठी त्याची गरज वाटत नव्हती. पण वाळीत पडून हाल सोसणाऱ्या मित्रांची त्यातून सुटका होणार होती. त्यांच्या अनेक चाहत्यांना हे सहन झालं नाही, आणि रमाबाई रानड्यांच्या आठवणींत त्या दिवसांची घालमेल उतरली आहे.

एका कप चहाने घरं दुभंगत होती. घरात लेकीबाळींची लग्नं अडत होती, श्राद्धपक्षाला ब्राह्मण मिळत नव्हता. त्यातच संमतिवयाचा कायदा १८९१ च्या मार्चमध्ये झाला आणि शहर आणखी तापलं. अशा गावात एक ख्रिस्ती बाई ब्राह्मण विधवांची शाळा चालवत होती आणि ज्यांना स्वतःच्या चहाचा हिशेब द्यावा लागत होता तीच माणसं तिच्यामागे उभी होती. हे त्यांचं धैर्य विसरून चालणार नाही. भांडारकरांनी १८९१ मध्ये आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह करून दिला होता. ते आणि रानडे दोघेही प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ. पुढे सदन सोडणारी माणसं ही होती.

आणि याच काळात रमाबाईही बदलत होत्या. आठ वर्षांपूर्वी आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला आत्ता भेटला, असं त्यांना १८९१ च्या सुमारास वाटू लागलं. आत्मनिवेदनात त्यांनी हे सविस्तर सांगितलं आहे. इंग्लंडातली त्यांची श्रद्धा तर्काच्या तराजूत तोलून घेतलेली होती. आता ती जगण्याचा श्वास झाली. बोस्टनला करार केला तेव्हाची रमाबाई आणि १८९३ ची रमाबाई यांत हा फरक पडला होता. कराराचा शब्द तोच राहिला, शब्द देणाऱ्या माणसाचं अंतःकरण पालटलं.

खोलीचं दार उघडं राहिलं ते यामुळे. सल्लागारांचं मागणं त्यांच्या परीने वाजवी होतं. तुम्ही प्रार्थना जरूर करा, पण दार लावून करा. मुलींना आत येऊ देऊ नका. रमाबाईंचं उत्तरही स्पष्ट होतं. या घरात प्रत्येक मुलीला आपापल्या देवाची पूजा करायची मोकळीक आहे. मग माझ्याच घरात मी माझ्या देवाचं नाव दार लावून का घ्यावं? मी कुणाला बोलावत नाही. येणाऱ्याला हाकलणार नाही. ज्या पालकाला नको असेल त्याने आपल्या मुलीला सांगावं.

दोन्ही बाजू मी पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत आणि दर वेळी दोन्हींतलं वजन जाणवलं आहे. आश्रमात संचालिका आणि मुलगी एका पातळीवर नसतात. केस काढलेल्या, घरात सावलीसुद्धा अशुभ मानल्या गेलेल्या मुलीला जी बाई पहिल्यांदा पाटावर बसवते, हातात पुस्तक देते, पोटाशी धरते, त्या बाईचा देव मुलीला आपला वाटू लागणारच. तिथे सक्तीची गरजच पडत नाही. मायेचं ओझं सक्तीहून जड असतं. सल्लागारांनी पालकांना शब्द दिला होता आणि तो पाळला जात नाही असं त्यांना मनापासून वाटत होतं.

पण रमाबाईंना घातलेली अटही पाहा. घर तुमचं, कष्ट तुमचे, फक्त तुमच्या जगण्याचा गाभा तेवढा कुणाच्या दृष्टीस पडू नये. सहिष्णुता म्हणजे ज्याची त्याची श्रद्धा ज्याच्या त्याच्या खोलीत कोंडून ठेवणं, असा या अटीचा अर्थ होतो. अशी शांतता टिकते, पण तिच्यात माणसं एकमेकांना कधीच ओळखत नाहीत.

१८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकर आणि सहकाऱ्यांनी राजीनामे देऊन सदनाशी संबंध संपवला. बोस्टनच्या मंडळींनी रमाबाईंवरचा विश्वास काढून घेतला नाही. इकडे काही मिशनऱ्यांची तक्रार उलटीच होती. ही बाई ख्रिस्ताचं नाव पुरेसं उघडपणे घेत नाही, हिंदू आचाराला आश्रय देते, असं त्यांचं म्हणणं होतं. पुण्यात आणि मिशनमध्ये, दोन्हीकडे रमाबाई एकट्या पडल्या.

या सगळ्या धामधुमीत एका गोष्टीची मला राहून राहून खंत वाटते. सल्लागार बोलले, संपादक बोलले, पालक बोलले, बोस्टन बोललं. ज्या मुली त्या दारातून आत जात होत्या त्यांना कुणी विचारलं नाही. शहाण्यासुरत्या, विशीच्या आसपास पोचलेल्या बायका त्यांत होत्या. त्यांना स्वतःचं मत असू शकतं हे दोन्ही पक्षांच्या हिशेबात कुठेच नव्हतं. सहिष्णुतेची सीमा पुण्याने आखली, पण ती ज्यांच्या अंगावरून गेली त्यांचा कौल न घेता.

आणि कौल काय असू शकला असता याची एक खूण आपल्यापाशी आहे. गोदूबाई सदनात काही वर्षं राहिली. रमाबाईंच्या सावलीत शिकली, वाढली. ती ख्रिस्ती झाली नाही. ११ मार्च १८९३ रोजी, सदनाच्या वर्धापनदिनीच, पुण्यात तिचं लग्न भावाचे मित्र धोंडो केशव कर्वे यांच्याशी झालं आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. या पुनर्विवाहाबद्दल कर्व्यांना मुरूड या आपल्या गावच्या लोकांचा बहिष्कार सोसावा लागला. सदनातून बाहेर पडलेल्या काही जणींनी पुढे बाप्तिस्मा घेतला, काही जणी हिंदूच राहिल्या. दार उघडं असण्याचा अर्थ त्यातून आत जाता येतं आणि बाहेरही पडता येतं, हा गोदूबाईच्या आयुष्याने दाखवला.

फुल्यांनी हे आधीच लिहून ठेवलं होतं. १८९० च्या नोव्हेंबरात, सदन पुण्यात आलं त्याच महिन्यात, ते वारले. त्यांचं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुढल्या वर्षी छापून निघालं. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिलं आहे. आई आपल्या मर्जीने बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. आणि सगळे एकमेकांचा हेवा न करता एका घरात प्रेमाने नांदतात. या घरात कुणाची श्रद्धा पातळ करायला सांगितलेली नाही. प्रत्येकाने आपलं पुस्तक वाचून आपलं मन बनवलं आहे. पुण्यातले शिकलेसवरलेले लोक एका दारावरून झगडत असताना हे पान छापलेलं पडून होतं.

फुटीनंतर दोन वाटा झाल्या. कर्व्यांनी १८९६ मध्ये हिंदू विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला आणि त्यातून स्त्रीशिक्षणाचा मोठा वृक्ष वाढला. रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या आणि केडगावला ‘मुक्ती’ उभी केली. शेकडो मुली जगल्या, शिकल्या, हाताला कामं मिळाली. जात विचारली गेली नाही. दहा वर्षांचा करार १८९८ मध्ये संपला आणि पंथनिरपेक्षतेची अटही गेली. मुक्ती उघडउघड ख्रिस्ती संस्था झाली.

इथे रमाबाईंनाही मुलींच्या निवडीचा तोच प्रश्न विचारायला हवा, कारण त्यांच्यावर माया असली तरी तो टाळणं त्यांच्या प्रामाणिकपणाचा अपमान होईल. दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरक्या लेकराला निवड ती कसली? सदनात मुलींच्या पूजेला जागा होती, सोवळ्याला जागा होती. मुक्तीत जेवण, शाळा, माया आणि धर्म एकाच ताटात वाढले गेले. पुण्याने दार लावा म्हटलं तेव्हा रमाबाई ठामपणे नाही म्हणाल्या आणि ते योग्यच होतं. पण दुसऱ्या श्रद्धेसाठी आपल्या घरात जी जागा त्यांनी सदनात राखली होती, ती पुढे उरली नाही. पुण्याची सीमा जशी दिसते तशी त्यांचीही दिसते. त्या तुटलेपणात दोन्हीकडचा दोष आहे. शहराने त्यांना एकटं पाडलं नसतं तर हिंगणं आणि केडगाव यांच्यात एवढं अंतर कदाचित राहिलं नसतं.

रमाबाईंनी अखेरची वर्षं बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत ते आणायचं म्हणून त्या झटल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या.

आज आपल्या सोसायट्यांमध्ये, वसतिगृहांत, शाळांत, लग्न जमवताना हा वाद रोज उठतो. शेजाऱ्याने काय खावं, प्रार्थनेचा आवाज कुठवर यावा, मुलीने कुणाशी लग्न करावं. बहुतेक वेळा आपण त्यावर १८९३ चाच तोडगा काढतो: तुमचं तुमच्यापाशी ठेवा, दार लावून घ्या. काही ठिकाणी उलटं होतं आणि एकाच श्रद्धेचं दार उघडं राहून बाकीची बंद होतात. श्रद्धा पक्की असेल तर ती लपवू नये, आणि जो आपल्या आधाराला आला आहे त्याच्या दुबळेपणाचा तिच्यासाठी फायदा घेऊ नये. हे दोन्ही एकाच वेळी पाळणं फार कठीण आहे. चौपाटीजवळच्या त्या पहिल्या सदनात काही काळ ते जमलं होतं. एका बाजूला सोवळ्यातला स्वयंपाक होत होता, दुसऱ्या खोलीत आई आणि मुलगी बायबल वाचत होत्या, आणि मधल्या दालनात वपन झालेली गोदूबाई पाटी घेऊन अक्षरं गिरवत होती.